आरशामागची तीट

देवाजीभाऊ रामटेके विहारात बोलायला उभे राहिले की कोणीतरी उठून पंखा बंद करतं. आवाज त्यांचा हळू, आणि त्यांचा एकही शब्द सुटलेला लोकांना चालत नाही. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला ते नजर, उतारा, लिंबू-मिरची या विषयावर बोलले. गाडीपुढे टांगलेली मिरची ड्रायव्हरची डुलकी उडवत असेल तर खुशाल टांगा, म्हणाले, नाहीतर भाजीत घाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी देवाजीभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात काजळाची डबी होती.

यात ढोंग नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बोलले ते त्यांना मनापासून पटलेलं होतं. डबीची गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांनी कोणालाच सांगितलेली नव्हती.

चंद्रपुरातून मूल रोडला लागलं की त्यांचं शेड दिसतं. गाड्यांच्या पुढच्या काचा बसवणं हा त्यांचा धंदा. ट्रक, जीप, शाळेच्या व्हॅन, एटापल्लीकडून रात्रभर हाडं खिळखिळी करून आलेल्या बसगाड्या, सगळ्यांच्या काचा त्यांच्या हातून गेलेल्या. सावली तालुक्यातल्या खेड्यातून तरुणपणी ते आईला घेऊन चंद्रपूरला आले, तेव्हा ऊर्जानगरात वीजकेंद्राच्या बसगाड्यांचं काम करणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली लागले. त्या काळी काच चिकटवत नसत. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची. दोरी निघेल तसं रबर चौकटीवर बसत जातं. उस्तादाने पहिल्यांदा भरवशावर सोपवलेली काच देवाजीभाऊंनी अशीच बसवली, चार पावलं मागे सरून डोळे भरून पाहिली, आणि दुपारच्या उन्हात तिला आपोआप तडा गेला. पोराची नजर लागली पोराच्याच कामाला, असं म्हणून उस्ताद दिवसभर हसत राहिला.

घरी आई होती, बायनाबाई. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेच्या सभेला गेलेली बाई. घरातले देव तिच्या बापानेच बाहेर काढले होते, आणि तिनेही पुन्हा कधी आत घेतले नाहीत. काजळ तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी देवाजी कामावर निघाला तेव्हा तिने त्याच्या हातात पितळेची लहान डबी ठेवली. तो म्हणाला, आई, आपण असलं मानत नाही. ती म्हणाली, "पोराले लावतो ना आपण? मंग पोराच्या कामाले काऊन नाई?"

तडा का गेला ते त्यांना पुढे कळलं. रबराच्या खाचेत एक खडा राहून गेला होता. पण तोवर बोटाला सवय लागली होती. काच बसली की वरच्या बाजूला, मधोमध, जिथे आतला आरसा येतो त्याच्या मागे काजळाचा एक ठिपका. बाहेरून दिसत नाही, आतून आरसा झाकतो. पुढे बायनाबाई गेली. तेव्हापासून देवाजीभाऊ ठिपका लावताना नजरेचा वगैरे विचारच करत नसत. त्यांना आईची आठवण येई, आणि ती रोज यावी असं त्यांना वाटे. बस, एवढंच होतं ते. पण विहारात हे कोणत्या तोंडाने सांगणार, म्हणून ते चोरून लावत.

डबी मात्र इतक्या वर्षांत कधी संपली नाही. देवाजीभाऊंना त्याचं कधी नवलही वाटलं नाही. पुरुषांना असल्या गोष्टींचं नवल वाटत नाही.

त्यांना एकच मुलगी, रंजीता. ती डिप्लोमा करून नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लागली आणि तिथे तिने एक नवीनच काम उचललं. हल्ली महागड्या गाड्यांना, त्यातही बॅटरीवरच्या गाड्यांना, आरशाच्या मागे काचेला चिकटून एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो, पुढच्या गाडीचं अंतर धरतो, मधे कोणी आलं तर ड्रायव्हरच्या आधी ब्रेक लावतो. काच बदलली की त्याचा सगळा अंदाज चुकतो. मग गाडी सपाट जमिनीवर उभी करून, पुढे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड ठेवून, आणि नंतर रस्त्यावर चालवून त्याला पुन्हा सगळं शिकवावं लागतं. रंजीता त्याला कॅलिब्रेशन म्हणे. देवाजीभाऊ म्हणत, चष्म्याचा नंबर काढणं.

मागच्या वर्षी रंजीता घरी परतली. नागपुरात मन लागत नाही, म्हणाली. तिच्या डोक्यात एक बेत होता. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत असल्या गाडीची काच फुटली की गाडी नागपूरला न्यावी लागे. तिने नागपूरच्या एका काच-कंपनीच्या मागे लागून त्यांना कबूल करायला लावलं, की एक गाडी आमच्या शेडमध्ये तुमच्या माणसासमोर करून दाखवते; नीट झाली तर या दोन जिल्ह्यांचं काम आम्हाला द्या. बोर्ड, टॅब, सगळी सामग्री कंपनीने तेवढ्यापुरती पाठवली. आणि नाही जमलं तर पुण्यात एक नोकरी तिच्यासाठी तयार होती. सोमवारी निघायचं होतं. बॅग अर्धी भरून पलंगाखाली ठेवलेली होती.

मुलगी इथेच राहावी असं देवाजीभाऊंना फार वाटे. तिला ते एकदाही म्हणाले नाहीत. उलट, तुझं भलं तिथी असन तर तिथी जा, असंच म्हणत. पण शेडची उंचसखल जमीन त्यांनी सगळी उखडून नवी करून घेतली, पाणी ओतून ओतून ते कुठे वाहतं ते पाहिलं, आणि गवंड्याला दोनदा पुन्हा घासायला लावली. वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, उंदीर फार झाले होते.

करून दाखवायला गाडी मिळाली ती मूल गावच्या लोकेशभाऊंची. त्यांची तिथे राईस मिल. यंदा त्यांनी बॅटरीवर चालणारी मोठी गाडी घेतली होती, आवाज नाही की धूर नाही, आणि किंमत विचारली की ते नुसते हसत. ती घेऊन ते सासरी अहेरीला गेले आणि सावली पाहून कवठाच्या झाडाखाली उभी केली. झाडावर वानरं होती. एकाने कवठ तोडलं, पसंत पडलं नाही, सोडून दिलं. नव्या कोऱ्या गाडीची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी झाली. सासऱ्यांनी झाड तोडतो म्हटलं, लोकेशभाऊंनी तोडू दिलं नाही. वानराला काय ठाऊक गाडी कितीची होती, असं ते ज्याला त्याला सांगत होते.

नवीन काच नागपूरहून आली. जुनी काच तारेने कापून काढायची, चौकट घासून साफ करायची, काळ्या डिंकाची सरळ रेघ ओढायची, आणि हवेने धरणाऱ्या रबरी वाट्यांनी दोघांनी काच उचलून एकाच झोकात बसवायची, हे काम बापलेकीने संध्याकाळी उन्हं उतरल्यावर केलं. काच अशी बसली की कडेने नख फिरवलं तर कुठे अडू नये. रंजीताने वरच्या भागाकडे बोट दाखवून बापाला बजावलं. तिथे काळ्या पट्टीच्या मधोमध पारदर्शक खिडकी होती, त्यातूनच कॅमेरा पाहणार. इथी हात लावायचा नाही, फडकंसुद्धा मारायचं नाही.

ती हात धुवायला गेली आणि देवाजीभाऊ काचेपाशी एकटे राहिले. खरं सांगायचं तर त्यांनी विचार केला. खिडकी त्यांनी नीट पाहिली. तिला धक्का लावायचा नाही हे त्यांना पटलं होतं. पण ही काच साधी नव्हती. हिच्यावर पोरीचं इथलं राहणं ठरणार होतं. आजवर कोणाकोणाच्या ट्रकांना आईचा ठिपका मिळाला, आणि पोरीच्याच काचेला नाही, हे त्यांच्या मनाला कसंसंच वाटलं. त्यांनी खिडकीच्या वर, काळ्या पट्टीवर, आतून एक ठिपका लावला. काळ्यावर काळं. कोणाला दिसणार? बोट पुसून ते बाहेर आले आणि रंजीताला म्हणाले, चाल, भूक लागली.

रात्रभर डिंक वाळू दिला. सकाळी कंपनीचा माणूस आला. राजदीप त्याचं नाव, वय रंजीताएवढंच, नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. शेडमधला बाबासाहेबांचा फोटो पाहून त्याने आधी जयभीम केला, मग सावली शोधली. रंजीताने त्याच्यासमोर कॅमेरा बसवला, त्यावर झाकण चढवलं, बोर्ड मांडला, दोरी धरून मधोमध केला, टॅब जोडला. जमीन आरशासारखी सपाट होती, त्यामुळे कुठे काही अडलं नाही. टॅबवर हिरवी खूण आली. राजदीप म्हणाला, वर्कशॉपचा भाग पास, आता रस्ता.

तो लगेच निघणार होता, पण वच्छलाबाई जेवणाचा निरोप घेऊन उभ्या. घर शेडच्या मागेच. नागपूरहून आलेला मुलगा जेवल्याशिवाय उन्हात कसा जाईल? राजदीप नको नको म्हणाला, आणि आमरस दिसल्यावर बसला. लोकेशभाऊही तेवढ्यात गाडी पाहायला आले होते, तेही बसले. रस, पोळ्या, कुरडया, वांग्याची भाजी, वर भात. जेवणं चांगली लांबली. गाडी शेडमधून काढून बाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली होती. मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन तिच्या काचेवर तेवढा वेळ पडत राहिलं. त्या उन्हात आमच्याकडे डांबर मऊ होतं, काजळाचं काय घेऊन बसलात.

मग चौघं निघाले. रंजीता चालवायला, शेजारी टॅब मांडीवर घेऊन राजदीप, मागे लोकेशभाऊ आणि देवाजीभाऊ. शहर संपून मूल रोडला दोन्ही बाजूंनी जंगल लागलं. तेंदूपत्ता तोडून घरी परतणाऱ्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन कडेने चालल्या होत्या. पांढरे पट्टे रस्त्यावर स्वच्छ दिसत होते. रंजीता एका वेगाने गाडी धरून होती, आणि टॅबवर कॅमेरा कुठवर शिकला ते दाखवणारी पट्टी हळूहळू भरत होती. देवाजीभाऊंनी ती पट्टी मागून पाहिली आणि पुढच्या आरशात पोरीचा चेहरा पाहिला. ती खालचा ओठ दातात धरून होती. लहानपणी गणित सोडवताना असंच करी.

पट्टी अर्धी भरली आणि थांबली. मग लाल झाली. कॅमेऱ्यापुढे अडथळा आहे, असं टॅबवर आलं.

रंजीताने गाडी कडेला घेतली. उतरून बाहेरून काच पुसली, पुन्हा गाडी सुरू केली. पुन्हा लाल. थोडं पुढे जाऊन परत पाहिलं, तेच. राजदीपने टॅब बंद करून चालू केला, वायर काढून लावली. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. शेवटी तो म्हणाला की सकाळी ठीक होतं आणि आता नाही, म्हणजे उन्हात कॅमेऱ्याची बैठक सरकली असेल, नाहीतर काचच जागची हलली असेल. दोन्ही वेळी काच पुन्हा काढावी लागेल, आणि मग हे काम पास झालं असं मला लिहिता येणार नाही.

लोकेशभाऊ म्हणाले, मला घाई नाही, आठ दिवस गाडी इथेच राहू द्या. पण गाडीची घाई कोणालाच नव्हती. रंजीता बोनेटला हात टेकून उभी होती. ते तापलेलं होतं तरी तिने हात काढला नाही. डिंकाची रेघ मी ओढली होती, ती म्हणाली, माझाच हात हलला असेल. आणि मग कोणाकडे न पाहता म्हणाली की बोर्ड आजच राजदीपच्या गाडीत टाकून देऊ, मला तशीही सोमवारी निघायची तयारी करायची आहे.

देवाजीभाऊ तोवर गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वर पाहिलं, त्यांना ठाऊक असलेल्या जागी. काळ्या पट्टीला खालून एक बारीक दात फुटल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर पट्टीचाच आकार वाटला असता. उन्हाने पातळ झालेला ठिपका ओघळून खिडकीत उतरला होता.

गप्प राहिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं; शेडमध्ये काच काढताना त्यांनीच ती जागा पुसून टाकली असती. बुद्धपौर्णिमेचं भाषण त्यांना आठवलं. टाळ्या आठवल्या. समोर जयभीम करणारा मुलगा उभा होता, शेजारी गावभर गप्पा मारणारे लोकेशभाऊ. आणि बोनेटला हात टेकून, न केलेली चूक स्वतःवर घेऊन, आपली पोरगी. तिच्याकडे पाहिल्यावर मग त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"रंजीता, तुझा हात नाई हालला," ते म्हणाले. "काजळ हाये ते. मी लावलं."

रंजीताला आधी कळलंच नाही. "कायचं काजळ?"

"तीट. तुह्या आजीनं शिकवली होती. साऱ्याच काचांले लावतो मी." मग विहारातल्यापेक्षाही हळू आवाजात म्हणाले, "तू सांगितलं होतं तिथी नाई लावली. वर लावली होती. उन्हानं खाली आली."

राजदीप जंगलात काहीतरी दिसल्यासारखा झाडांकडे पाहू लागला, तेवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. लोकेशभाऊ एरवी पोट धरून हसणारे, पण तेही दुपट्ट्याने मान पुसत राहिले. रंजीताने बापाकडे बघितलं. रागाने की कशाने, ते देवाजीभाऊंना वाचता आलं नाही, आणि पोरीचा चेहरा वाचता येऊ नये याचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटलं.

"कुठी ते दाखवा," एवढंच ती म्हणाली.

त्यांनी बोट दाखवलं. तिने झाकण उघडलं, कॅमेरा बाजूला केला, काच आतून स्पिरिटने भिजवलेल्या कापडी पट्टीने पुसली. पट्टी काळी झाली. दुसरी घेतली, तीही जरा काळी झाली. तिसरी कोरी निघाली तेव्हा तिने कॅमेरा होता तिथेच पुन्हा बसवला. एकदा बाहेर काढला म्हणजे सगळं पहिल्यापासून, असं राजदीप म्हणाला, आणि स्वतःच मागे वळून बघू लागला, शेडपर्यंत किती जावं लागेल. ते परत गेले, बोर्ड मांडला, हिरवी खूण घेतली आणि पुन्हा रस्त्याला लागले. या खेपेला वच्छलाबाई सरबत घेऊन बाहेर आल्या होत्या, पण कोणी थांबलं नाही.

उन्हं कलली होती. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली. देवाजीभाऊ आता पुढे बघतच नव्हते, खिडकीतून मोहाची झाडं बघत होते. एका वळणापुढे गाडी अचानक आपली आपण मंदावली आणि थांबली. रंजीताने पाय उचलून दाखवला, ब्रेक तिने मारला नव्हता. समोरून वानरांची टोळी रस्ता ओलांडत होती, पिल्लू पोटाशी धरलेली एक मादी अगदी सावकाश, जणू रस्ता तिच्या नावावर होता. ती पलीकडे गेल्यावर पट्टी भरत भरत शेवटाला पोचली आणि हिरवी झाली.

"ज्यायनं फोडली त्यायलेच ओळखलं," लोकेशभाऊ म्हणाले, आणि दुपारपासून दाबून धरलेलं सगळं हसू त्यांनी तिथे मोकळं केलं. राजदीपही हसला. रंजीता हसली की नाही, ते मागून दिसलं नाही.

राजदीपने काम पास लिहिलं. काच चांगली बसली आहे, म्हणाला, बोर्ड आणि टॅब आता इथेच राहू दे. जाताना तो देवाजीभाऊंच्या पाया पडला आणि अगदी हळू बोलला, की काका, माझी आजी मोबाइललाही लावायची, पण कॅमेऱ्याजवळ नको. देवाजीभाऊंनी मान हलवली. लोकेशभाऊ गाडी घेऊन मूलला गेले. त्यांनी हा किस्सा राईस मिलवर सांगितला असणार, यात शंका नाही. तो विहारापर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता. पुढच्या वेळी उभं राहून आपणच आधी सांगून टाकायचं, असं देवाजीभाऊंनी ठरवून टाकलं, आणि त्यांना जरा हलकं वाटलं.

पण पोरगी बोलत नव्हती. शेड झाडलं, बोर्ड भिंतीला लावून त्यावर चादर टाकली, घरी आली, हातपाय धुतले, कूलरमध्ये पाणी भरलं, सगळं गप्प. काम तर मिळालं होतं. काम मिळालं तर राहीन, असं तिने म्हटलं होतं. पण बापाने आपल्या पहिल्याच कामात असा घोळ केल्यावर तिचं मन फिरलं असेल तर? तिच्या जागी मी असतो तर गेलो असतो, असं देवाजीभाऊंना वाटत होतं. बॅग अजून पलंगाखालीच होती.

जेवायला बसल्यावर त्यांनी वच्छलाबाईंना सगळं सांगितलं. घरात लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. खिशातली डबीही काढून समोर ठेवली. आईची आहे, म्हणाले, मी आजवर कोणाला दाखवली नाही.

वच्छलाबाई पोळीवर तूप लावत होत्या. त्यांनी डबी उघडून बोटाने काजळ चाचपून पाहिलं.

"या खेपेले एरंडीचं तेल जास्तच पडलं," त्या म्हणाल्या. "मले तवाच वाटलं होतं, पातळ झालं म्हणून."

देवाजीभाऊंचा घास हातातच राहिला. "तू भरत होती डबी?"

"मंग काय आपोआप भरत होती? आत्याबाईनं जाताना सांगितलं होतं मले. त्याची डबी रिकामी होऊ देऊ नको, अन् त्याले सांगू नको, तो लाजते."

आई जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती रोज सकाळी आपल्या खिशात असण्याची व्यवस्था करून गेली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून त्यांनी ताटात मान घातली.

रंजीता इतका वेळ आईकडून बापाकडे आणि बापाकडून आईकडे पाहत होती. वच्छलाबाईंनीच मग तिला विचारलं, सोमवारी जाणार की नाही ते एकदाचं सांग, डब्यात बांधून द्यायला चिवडा करावा लागेल.

रंजीताने डबी ओढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि बापाच्या ताटाशेजारी ठेवली.

"मी पुण्याले गेली तर बाबाचं काजळ कोण पुसन?" ती म्हणाली. "अन् बाबा, खालच्या कोपऱ्यात लावत जा. वायपरच्या खाली. तिथलं कॅमेऱ्याले काही दिसत नाई."

देवाजीभाऊ उठले. कूलरमध्ये पाणी भरून येतो, असं म्हणून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. कूलर काठोकाठ भरलेला आहे, हे दोघींना ठाऊक होतं. वच्छलाबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं.